एमडीपी, बीपीएडी, बायपोलर: आजाराचे नाव बदलले की त्यावरचे संशोधन कुठे शोधायचे?

प्रश्न विचारणाऱ्या ताई एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात काम करतात. त्यांच्या धाकट्या भावाच्या वीस वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर ‘एमडीपी’ (मॅनिक-डिप्रेसिव्ह सायकोसिस) असे या मनोविकाराचे नाव लिहिलेले आहे, आताचे डॉक्टर ‘बीपीएडी’ (बायपोलर अफेक्टिव्ह डिसऑर्डर) असे लिहितात, आणि औषध मात्र तेव्हाही लिथियम होते व आजही लिथियमच आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हे दोन आजार आहेत की एकच? या आजारावरच्या उपचारांचे संशोधन शोधताना एका नावाने एक प्रकारचे आणि दुसऱ्या नावाने निराळेच लेख का समोर येतात? आणि इतक्या जुन्या औषधावर भावाला ठेवणे म्हणजे नव्या संशोधनाकडे पाठ फिरवणे तर नव्हे?

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षे तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणे) आणि संदर्भसेवा हे काम केले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या भावाला कोणते औषध योग्य हे मी सांगणार नाही, आणि माझे उत्तर वाचून गोळ्यांत काहीही बदल करू नका, ही विनंती सर्वांत आधी करतो. मात्र तुमचे तिन्ही प्रश्न एकाच गाठीतून निघालेले आहेत आणि ती गाठ माझ्या कामातली आहे. आजाराचे नाव बदलते तेव्हा त्याच्याविषयीचे ज्ञान नव्या नावामागे आपोआप चालत येत नाही. कोणीतरी जुन्या नावाकडून नव्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद करावी लागते. ती नोंद नसेल तर वाचक नव्या नावाच्या दारातून आत जातो आणि जुन्या दालनात ठेवलेले, कदाचित सर्वांत मोलाचे, संशोधन त्याला दिसतच नाही.

आधी नावांचा प्रवास पाहू. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी १८९९ साली उन्माद (मनाची बेभान चढलेली अवस्था) आणि अवसाद (खोल नैराश्य) यांना एकाच आजाराची दोन रूपे मानून ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ हे नाव रूढ केले. त्यांची कल्पना फार रुंद होती. ज्याला कधीच उन्मादाचा झटका आला नाही पण नैराश्य पुन्हा पुन्हा आले, असा रुग्णही त्यात बसत असे. पुढे १९५७ मध्ये कार्ल लिओनहार्ड यांनी एकध्रुवी आणि द्विध्रुवी असे दोन गट वेगळे केले, १९६६ मध्ये ज्यूल्स आंग्स्ट आणि कार्लो पेरिस यांनी स्वतंत्रपणे केलेल्या अभ्यासांनी त्या विभागणीला आधार दिला, आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने ‘बायपोलर डिसऑर्डर’ हे नाव स्वीकारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आजार-वर्गीकरणात तो ‘एफ ३१, बायपोलर अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ झाला. तुमच्या डॉक्टरांचे ‘बीपीएडी’ तिथून आले आहे. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात ‘बायपोलर टाइप वन’ आणि ‘टाइप टू’ असे दोन स्वतंत्र संकेतांक आहेत, त्यामुळे पुढच्या केसपेपरवर आणखी एक नाव दिसले तर घाबरू नका.

म्हणजे ‘एमडीपी’ आणि ‘बीपीएडी’ बहुतेक वेळा एकच, पण नेहमीच नव्हे. आपल्याकडच्या जुन्या केसपेपरवरचे ‘एमडीपी’ हे जुन्या रुंद अर्थानेही लिहिलेले असू शकते. म्हणून डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ‘माझ्या भावाला उन्मादाचा निश्चित झटका कोणत्या वर्षी आला होता, आणि त्याची नोंद आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर दोन्ही नावांचा रुग्ण एकच आहे. उत्तर डळमळीत असेल तर निदानाचा पुन्हा विचार करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे शोधताना असे का होते. तुम्ही ग्रंथालयात आहात म्हणून कपाटापासूनच सुरुवात करतो. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात बायपोलर विकार ६१६.८९५ येथे आहे आणि नैराश्य ६१६.८५२७ येथे. दोन्ही मनःस्थितीचे आजार, एकाच बाह्यरुग्ण विभागात एकाच डॉक्टरांकडे येणारे, तरी कपाटात त्यांच्यामध्ये अंतर आहे. याचे कारण ही रचना झाली तेव्हा मनोविकारांची ‘सायकोसिस’ (वास्तवाचे भान सुटणारे) आणि ‘न्यूरोसिस’ (भान शाबूत असणारे) अशी वाटणी होती; उन्माद-अवसाद पहिल्या घरात गेला आणि नैराश्य दुसऱ्या. मनोविकारशास्त्राने ती वाटणी मागे टाकली, वर्गांक मात्र तसेच राहिले, कारण जगभरच्या कपाटांतील पुस्तकांचे क्रमांक बदलणे ही साधी गोष्ट नाही. त्यात मनोविकारांवरच्या औषधोपचाराची पुस्तके ६१६.८९१८ येथे, मानसोपचाराची ६१६.८९१४ येथे आणि रुग्णांच्या पुनर्वसनाची व सामाजिक सेवांची ३६२.२ येथे जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या वर्गीकरणात हाच आजार ‘डब्ल्यूएम २०७’ आहे, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात ‘आरसी ५१६’. तुमच्यासारख्या ग्रंथालयांत बहुधा ६१६ या तीनच अंकांवर थांबतात, त्यामुळे मधुमेह, हृदयविकार आणि बायपोलर ही पुस्तके खांद्याला खांदा लावून उभी असतात. यात तुमचा दोष नाही. दोन कपाटांच्या ग्रंथालयाला सात अंकी वर्गांक सोसत नाही. पण म्हणूनच तुमच्याकडे विषयशीर्षकाला वर्गांकापेक्षा जास्त काम करावे लागते.

विषयशीर्षक म्हणजे एका विषयासाठी ठरवून दिलेले एकच नाव, आणि त्याच विषयाच्या बाकी सर्व नावांकडून त्याच्याकडे येणारे ‘पाहा’ संदर्भ. वैद्यकात यासाठी ‘मेश’ ही यादी वापरली जाते. राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ती १९६० मध्ये सुरू केली आणि तिची दरवर्षी उजळणी होते. तिथे ठरलेले नाव ‘बायपोलर डिसऑर्डर’ आहे, आणि ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह सायकोसिस’ हे त्याकडे नेणारे नाव आहे. याउलट लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांनुसार तालिकीकरण झालेल्या अनेक पुस्तकांवर दीर्घकाळ ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह इलनेस’ हेच शीर्षक पडत गेले. मार्क २१ या संगणकीय ग्रंथनोंदीच्या प्रमाण साच्यातील ६५० क्रमांकाच्या क्षेत्रात हा फरक उघड दिसतो. त्या क्षेत्राचा दुसरा निर्देशक ‘०’ असेल तर शीर्षक लायब्ररी ऑफ काँग्रेसचे, ‘२’ असेल तर मेशचे. एकाच पुस्तकाच्या नोंदीत दोन ओळी, दोन नावे. दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद उतरवून घेताना यातली एक ओळ ‘अनावश्यक’ म्हणून गाळली की ते पुस्तक अर्ध्या वाचकांपासून लपते.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या ग्रंथालयातली तालिकापत्रे संगणकावर चढवताना मुख्य नोंदी आधी भरायच्या आणि ‘पाहा’ पत्रे मागाहून, असा निर्णय मी घेतला होता. ते ‘मागाहून’ दोन वर्षे आलेच नाही. त्या काळात मनोविकार विभागातला एक पदव्युत्तर विद्यार्थी लिथियमच्या दीर्घकालीन वापरावर प्रबंध लिहीत होता. त्याने संगणकावर ‘बायपोलर’ असा शोध घेतला, पडद्यावर चार पुस्तके आली, आणि ‘आपल्याकडे जुने काहीच नाही’ असे समजून तो मुंबईला जाऊन आला. पुढे एका संध्याकाळी परत आलेली पुस्तके कपाटात लावताना माझ्या हाताला ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ शीर्षकाखालची अकरा पुस्तके लागली. त्यांतल्या एकाच्या मागच्या खिशातल्या तारखांच्या चिठ्ठीवर १९८८ नंतरचा शिक्काच नव्हता. ती अकरा पुस्तके त्या मुलाच्या अभ्यासिकेपासून वीस पावलांवर होती. त्याची माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘पाहा’ पत्रांचा पेटारा स्वतः उघडून बसलो.

संशोधन-लेखांच्या बाबतीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. ऑस्ट्रेलियन डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन पाहिले आणि ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त लेख लिहिला. या आजाराच्या आधुनिक औषधोपचाराची सुरुवात तिथून मानली जाते. पण त्या लेखाच्या मथळ्यात ‘बायपोलर’ नाही, ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ नाही, ‘मॅनिया’सुद्धा नाही, ‘सायकॉटिक एक्साइटमेंट’च्या उपचारात लिथियमचे क्षार, असा तो मथळा आहे. नुसते ‘बायपोलर’ टाइप करून मथळे चाळणाऱ्याला हा लेख कधीच भेटणार नाही. तसेच १९७० चे उदाहरण. बास्ट्रुप, शाऊ आणि त्यांचे डेन्मार्कमधील सहकारी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. लिथियमवर स्थिरावलेल्या ८४ रुग्णांपैकी काहींना लिथियमच चालू ठेवले आणि ३९ जणांना, त्यांना न कळता, तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी दिली. पाच महिन्यांत या ३९ पैकी २१ जणांचा आजार उलटला. लिथियम चालू असलेल्यांपैकी एकाचाही उलटला नाही. हा लेख ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ नावाखाली आहे, आणि त्यात फक्त नैराश्याचे झटके पुन्हा पुन्हा येणारे रुग्णही आहेत. म्हणून त्यातला आकडा आजच्या बायपोलर रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही. ‘पाहा’ संदर्भ वाचकाला दारापर्यंत नेतो. आत गेल्यावर त्या काळी त्या शब्दाचा अर्थ काय होता, हे ज्याचे त्याने तपासावे लागते.

म्हणून पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या खुल्या ऑनलाइन सूचीत, शोधताना मी वाचकांना एक क्रम सांगतो. आधी मेशच्या यादीत जाऊन ‘बायपोलर डिसऑर्डर’ हे ठरलेले नाव निवडा आणि त्याला ‘ड्रग थेरपी’ (औषधोपचार) हे उपशीर्षक जोडा. लिथियमसाठी ‘लिथियम’, ‘लिथियम कार्बोनेट’ आणि ‘लिथियम कंपाउंड्स’ ही तिन्ही शीर्षके घ्या, कारण लेख तिन्हींत विखुरलेले आहेत. मग तोच शोध साध्या शब्दांनी पुन्हा करा, कारण अगदी ताज्या लेखांना मेशची शीर्षके लागायची राहिलेली असू शकतात. शिवाय २०२२ पासून ही शीर्षके लावण्याचे काम मुख्यतः संगणकीय पद्धतीने होते आणि माणसे त्यावर नजर ठेवतात, त्यामुळे अधूनमधून एखादे शीर्षक चुकीचे बसलेले दिसते. शेवटी लेखाच्या प्रकाराची चाळणी लावा. आधी ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ (अनेक अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) वाचा, मग ‘रँडमाइझ्ड कंट्रोल्ड ट्रायल’ (रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने गटांत वाटणी करून केलेली चाचणी). एकेका रुग्णाच्या हकिकती सर्वांत शेवटी. घरातल्या माणसासाठी शोधणारे बहुतेक जण नेमके उलट करतात, कारण हकिकत वाचायला सोपी असते आणि तिच्यात आपला माणूस दिसतो. मला ते कळते, तरीही क्रम हाच ठेवा. भारतात कोणत्या चाचण्या चालू आहेत हे पाहायचे असेल तर २००७ मध्ये सुरू झालेली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया सर्वांना खुली आहे.

औषधांपलीकडचे उपचार शोधताना आणखी एक अडचण येते. बार्सिलोनामध्ये १२० रुग्णांवर झालेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला गट-मनोशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध आहे. २१ सत्रांत रुग्णांना स्वतःचा आजार, झोप, गोळ्या आणि झटक्याच्या पूर्वखुणा ओळखायला शिकवले, आणि औषधांसोबत हे शिक्षण घेतलेल्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण कमी झाले. असे लेख ‘ड्रग थेरपी’खाली सापडत नाहीत, ते रुग्णशिक्षणाच्या आणि गट-मानसोपचाराच्या शीर्षकांखाली असतात. कुटुंबीयांना खरोखर उपयोगी पडणारे साहित्य नेमके इथेच आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत मनाला लागणारा आहे, आणि त्याचे उत्तर बरेच परिस्थितीवर अवलंबून आहे: रुग्णाचे वय, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची स्थिती, गर्भधारणेची शक्यता, आजवर कोणते औषध लागू पडले, आत्महत्येचे विचार येऊन गेले का. पण ‘जुने म्हणजे मागासलेले’ हे गृहीतक संशोधनाला धरून नाही. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘बॅलन्स’ या चाचणीत बायपोलर टाइप वनचे ३३० रुग्ण होते आणि त्यांच्यावर दोन वर्षांपर्यंत लक्ष ठेवले होते. झटका येऊन नवा उपचार करावा लागला अशांचे प्रमाण फक्त व्हॅलप्रोएट (या आजारावरचे दुसरे औषध) घेणाऱ्यांत ६९ टक्के, फक्त लिथियम घेणाऱ्यांत ५९ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत ५४ टक्के होते. लिथियम इथे पुढे आहे, आणि तरीही निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा त्रास झाला, हेही त्याच आकड्यांत आहे. आत्महत्येच्या बाबतीत २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या आढाव्यात ४८ चाचण्या आणि ६,६७४ रुग्ण होते, निष्प्रभ गोळीच्या तुलनेत लिथियमवर आत्महत्या कमी आढळल्या. त्यानंतर २०२२ मध्ये अमेरिकेतील ५१९ माजी सैनिकांच्या चाचणीत, चालू उपचारांत लिथियमची भर घालून तसा फायदा दिसला नाही. त्या चाचणीत नैराश्याचे रुग्णही होते. दोन्ही लेख वाचा आणि कोणत्या रुग्णांचा अभ्यास झाला हे ताडून पाहा. एकच वाचून मत बनवू नका.

लिथियमवर नवे लेख तुलनेने कमी का दिसतात, याचे एक साधे कारण आहे. ते निसर्गात सापडणारे मूलद्रव्य आहे, त्याचे पेटंट कोणा कंपनीला मिळत नाही, म्हणून त्यावर मोठ्या चाचण्या करण्यात व्यापारी लाभ नाही. नव्या औषधांवर लेख जास्त येतात, पण लेखांची संख्या हा उपचाराच्या गुणाचा पुरावा नसतो. उलट काही वेळा मोठी चाचणी एखादी रूढ सवय मोडते. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या, ३६६ रुग्णांच्या अभ्यासात मूड स्टॅबिलायझरच्या (लिथियमसारख्या, मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या) जोडीला नैराश्यविरोधी औषध देऊनही अधिक फायदा झाला नाही: टिकाऊ सुधारणा औषधाच्या गटात २३.५ टक्के, निष्प्रभ गोळीच्या गटात २७.३ टक्के. असे लेख डॉक्टरांकडे जरूर न्या. नेताना ‘हे का देत नाही?’ असे विचारण्यापेक्षा ‘या अभ्यासातले रुग्ण माझ्या भावासारखे आहेत का?’ असे विचारा. त्या प्रश्नावर चांगले डॉक्टर थांबतात आणि समजावून सांगतात, असा माझ्या वाचकांचा अनुभव आहे.

तुमच्या ग्रंथालयासाठी एक आग्रहाची सूचना. मराठीत मुख्य विषयशीर्षक ‘बायपोलर विकार’ असे ठेवा. परिभाषेतला ‘द्विध्रुवीय’ शब्द अचूक आहे, पण काउंटरवर येणारी आई तो उच्चारत नाही. शब्द वाचकाच्या सोयीचा असावा, हे अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ च्या आपल्या तालिकीकरणाच्या नियमांतच लिहून ठेवले आहे, आणि वाचकाचा वेळ वाचवा हा भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचा चौथा सिद्धांत आहे. मग ‘द्विध्रुवीय विकार’, ‘उन्माद-अवसाद’, ‘मॅनिक डिप्रेशन’, ‘एमडीपी’, ‘बीपीएडी’ या प्रत्येकाकडून ‘पाहा: बायपोलर विकार’ असा संदर्भ द्या, आणि ‘नैराश्य’ व ‘लिथियम’ यांच्याकडे ‘हेही पाहा’ असा. संगणकावर कोहा ही ग्रंथालय-प्रणाली असेल तर शीर्षकाच्या प्रमाणित नोंदीत मुख्य नाव १५० मध्ये, ‘पाहा’ची नावे ४५० मध्ये आणि ‘हेही पाहा’ची ५५० मध्ये भरायची असतात. लेखनभेदही त्यातच नोंदवा: बायपोलर आणि बाय-पोलर, लिथियम आणि लिथिअम. देवनागरीत एका अक्षराने शोध रिकामा परततो. वहीवर काम चालत असेल तर याच नावांची दहा पत्रे पुरतात. एक दुपार लागेल.

भावाच्या फाइलचीही अशीच एक तालिका करून ठेवा. पहिल्या पानावर आजवर लिहिली गेलेली सर्व नावे, प्रत्येकासमोर साल आणि कोणत्या डॉक्टरांनी लिहिले ते. खाली लिथियमच्या रक्ततपासण्यांचा तक्ता: तारीख, पातळी, त्या वेळचा डोस, सोबत थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). अंगातले पाणी कमी झाले की लिथियमची पातळी वाढते, म्हणून उन्हाळ्यातल्या, जुलाब-उलट्यांच्या दिवसांतल्या तपासण्यांवर खूण करा. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी किंवा रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली असेल तर तीही त्याच ओळीत लिहा, कारण त्यांनीही पातळी वर जाऊ शकते. आणि अशी गोळी मेडिकलमधून परस्पर घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. तक्त्यात शेवटची लिथियमची गोळी किती वाजता घेतली आणि रक्त किती वाजता काढले, असे दोन रकाने ठेवायला विसरू नका. हे रक्त गोळीनंतर साधारण १२ तासांनी काढायचे असते, आणि ती वेळ लिहिलेली नसेल तर डॉक्टरांना समोरच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.